घासते म्हणून कडक करू नका: लो केलेल्या छोट्या गाडीचे पुढचे शॉकअप सेट करताना

गाडी लो केली आणि पहिल्याच आठवड्यात हंपावर खालून घासली, की हात आपोआप बॉनेटखालच्या नॉबकडे जातो. नॉब दोन-चार क्लिक कडक होतो. हिशोब सरळ वाटतो: शॉकअप कडक, म्हणून गाडी कमी दबेल, म्हणून कमी घासेल. पॅच मारलेल्या रस्त्यावर मात्र तीच गाडी आधीपेक्षा जास्त आपटू लागते. मग आणखी चार क्लिक, आणि शेवटी कंबर धरून बसायची पाळी.

इथे जे दिलंय ते पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, असलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो, आय-टेन, पोलो सगळ्या त्यातच येतात. पुढचा शॉकअप नॉबवर कमी-जास्त होणारा आहे असं धरलंय. नुसत्या आखूड स्प्रिंगा घालून कंपनीचेच शॉकअप ठेवले असतील, तर फिरवायला काही नाही. पण मोजमापाचा भाग तुमच्याही कामाचा आहे, किंबहुना तुमच्याच जास्त.

नॉब नेमकं काय करतो

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त हालचालीचा वेग आवरतो. म्हणून नॉब कितीही फिरवला तरी उभ्या गाडीची उंची बदलत नाही. ज्याला वाटतं की कडक केल्यावर गाडी "उचलली", त्याने टेप लावून पाहावं.

पिस्टनचा दांडा आतून पोकळ असतो आणि त्यात एक लांब सुई बसवलेली असते. नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुई खाली सरकते आणि तेल जायची बारीक वाट आवळत जाते. ही वाट कामाला येते ती दांडा सावकाश हलतो तेव्हा: ब्रेक मारल्यावर नाक खाली जाताना, वळणात गाडी कलताना, हंप उतरून गाडी परत वर येताना. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा दांडा इतक्या वेगात आत घुसतो की तेलाला त्या बारीक वाटेची वाट पाहायला सवड नसते. ते पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या वाकवून पलीकडे जातं. त्या चकत्यांवर नॉबची सत्ता फारशी चालत नाही. खड्ड्याचा तो पहिला दणका नॉबने जाईल ही आशा सोडलेली बरी. तो टायर, स्प्रिंग आणि शिल्लक जागा यांचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकच नॉब असलेल्या बहुतेक शॉकअपमध्ये नॉबचा मुख्य परिणाम रिबाउंडवर होतो, म्हणजे दबलेला शॉकअप परत लांब होतानाच्या वेगावर. दबतानाच्या रोधावर परिणाम होतो तो थोडाच. आता पॅचांच्या माळेवर काय होतं ते बघा. समजा पहिल्या पॅचवर चाक ३० मिमी वर गेलं. रिबाउंड फार आवळलेला असेल तर पुढचा पॅच येईपर्यंत ते २४ मिमीच खाली येतं. सहा मिमी उधार राहिले. दुसऱ्या पॅचवर आणखी सहा. पाचव्या पॅचपर्यंत गाडी पंचविसेक मिमी खाली बसलेली असते आणि लो केलेल्या गाडीत तेवढी जागा मुळातच नसते. सहावा पॅच थेट बंप स्टॉपवर, म्हणजे दांड्यावरच्या रबरी बफरवर जातो. बसणाऱ्याला वाटतं शॉकअप मऊ पडले. प्रत्यक्षात ते इतके कडक आहेत की त्यांना परत उघडायला वेळ मिळत नाही. इलाज नॉब तीन क्लिक सोडण्याचा, आणि लोक नेमके तीन क्लिक आवळतात.

घासतंय ते उंचीमुळे की शॉकअपमुळे

हे आधी ठरवा, त्याला पाच मिनिटं लागतात. ज्या हंपावर गाडी घासते तो चालण्याच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर ओलांडा. तेव्हाही घासली तर शॉकअपचा संबंधच नाही, गाडी त्या हंपाला खाली आहे. सावकाश जाताना पार होते आणि ताशी २०-२५ वर घासते, तर मात्र नॉबचं काम आहे.

आकडे घेऊन बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीतला गोल हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, ताशी २५ किमीने जायला बेतलेला. आपल्याकडे बेळगाव भागात ज्या जागी "रस्ते उब्बु" (कन्नडमध्ये रस्त्यावरचा हंप) अशी पाटी असते तिथे पाटी खरी असते, माप बहुतेकदा नसतं. गावातल्या माणसांनी शाळेसमोर रात्रीत घातलेला हंप एखादा मीटर रुंद आणि वर टोकदार. मूळ १६५ मिमी जागा असलेली गाडी ४० मिमी लो केली तर राहतात १२५. १०० मिमीचा आखूड हंप चारही चाकांच्या मध्ये आला की पोटाखाली उरतात २५. मागे तिघे बसले की तेही संपले. इथे जगातला कुठलाही शॉकअप काही करणार नाही. तिरकी गाडी घालून एकेक चाक चढवणं, नाहीतर स्प्रिंगची बैठक १० मिमी वर घेणं, हे दोनच मार्ग.

नॉबला हात लावण्याआधी

हवा आधी. सकाळी गाडी थंड असताना, दारावरच्या स्टिकरवर असेल तेवढी. ३६ पीएसआय भरलेल्या टायरवर शॉकअप सेट करायला बसलात तर टायरचा कडकपणा शॉकअपच्या माथी मारला जाईल.

मग उंची. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना. सपाट जागा लागते. पेट्रोल पंपावरची काँक्रीटची फरशीसुद्धा पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, तेव्हा गाडी एकदा उलट तोंडाने लावून परत मोजा आणि सरासरी घ्या. डाव्या-उजव्यात ५ मिमीपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी तो काढा.

आता खरं माप: उभ्या गाडीत शॉकअपचा दांडा बंप स्टॉपला टेकायच्या आधी किती मोकळा आहे. यासाठी अडीच मिमी रुंदीची एक प्लास्टिकची केबल टाय पुरते, इलेक्ट्रिकच्या दुकानात मूठभर मिळतात. गाडी जॅकवर घ्या, घोडी म्हणजे जॅक स्टँड लावा (नुसत्या जॅकवर चाकाच्या कमानीत डोकं घालायचं नाही), चाक काढा, धुळीचं रबर वर सरकवून धरा. उघड्या चकचकीत दांड्याभोवती टाय बांधा. आवळायची इतकीच, की अंगठ्याने ढकलली तर सरकावी, सोडली तर जागची हलू नये. ती खाली तेलाच्या सीलपर्यंत आणून ठेवा. टायची शेपटी दांड्याला घासणार नाही अशी कापा. दांड्यावर चरा पडला तर सील गेलंच म्हणून समजा. चाक लावून गाडी हळू खाली सोडा, दोन मीटर पुढे-मागे ढकला आणि परत वर घ्या. शॉकअप दबताना सीलने टाय वर ढकललेली असते. टाय आणि बंप स्टॉप यांच्यामधलं अंतर म्हणजे तुमची शिल्लक.

ही शिल्लक ३० मिमी असेल तर कामाला लागा. २० ते ३० मध्ये तडजोड करावी लागेल. २० च्या आत असेल तर नॉबला हात लावू नका आणि उंची वाढवा, कारण अशी गाडी शॉकअपवर नाही, रबरावर चालते आहे. मॅकफर्सनमध्ये चाक जेवढं हलतं जवळजवळ तेवढाच शॉकअप हलतो, म्हणून हे माप सरळ चाकाचं माप धरायला हरकत नाही. शॉकअप-स्प्रिंगच्या ज्या किटात शॉकअप उलटा बसवलेला असतो, म्हणजे चकचकीत भाग जाड आणि वरून आत शिरणारा, तिथे खरा दांडा दिसतच नाही. तिथे टाय त्या जाड नळीवर बसते, पण आतला बफर दिसत नाही. शिल्लक किटाच्या कागदावरून काढावी लागते.

गाडी वर आहे तोवर स्प्रिंग हाताने फिरवून बघा. चाक पूर्ण लटकलेलं असताना ती सैल होऊन फिरत असेल तर ती बैठकीतून सुटू शकते. हंप उतरताना "टण्" असा आवाज येतो तो बऱ्याचदा हाच. स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने किंवा गॅसने कापलेला असेल तर हे हमखास सापडतं. गॅसने कापताना पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच. कापलेली स्प्रिंग असेल तर पुढचं काही वाचू नका. ती आधी बदला.

लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग यांपैकी काही ढिलं असेल तर क्लिक मोजण्यात अर्थ नाही. डोक्यावरचं बेअरिंग तपासायची पद्धत सोपी आहे: एकाने स्टिअरिंग सावकाश टोकाला न्यायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर पंजा ठेवायचा. स्प्रिंग चाकाबरोबर गुळगुळीत फिरली तर ठीक. अडून मग एकदम झटक्यात सुटली तर बेअरिंग गेलं.

क्लिक मोजायचे ते बंद टोकापासून

नॉब सहसा स्ट्रटच्या डोक्यावर, रबरी टोपीखाली असतो. काही किटांत नॉबऐवजी एलन की घालायचा खड्डा असतो. घड्याळाच्या दिशेने कडक, उलट दिशेने मऊ, ही बहुतेकांची रीत. तरी एकदा किटाच्या कागदावर बघा, उलट्या चालीचेही असतात.

आधी दोन बोटांनी सावकाश पूर्ण कडक करा. सुई बैठकीला टेकली की नॉब थांबतो. तिथे थांबायचं. पक्कड लावून "अजून अर्धा" काढायला गेलात तर सुईचं टोक किंवा बैठक चेपते आणि मग त्या शॉकअपचा एकही क्लिक खरा राहत नाही. ही बंद जागा म्हणजे शून्य. इथून उलट फिरवत "टिक, टिक" मोजत जायचं. मऊ टोकापासून मोजू नका. त्या बाजूला थांबा नेमका नसतो, डाव्या-उजव्या शॉकअपमध्ये एक-दोन क्लिकचा फरक निघतो. बंद टोक दोन्हीकडे सारखंच असतं.

सगळे क्लिक सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवा. बंद टोकाजवळ सुई आणि बैठकीत फट केसाएवढी, तिथे एका क्लिकने मोठा फरक पडतो. पूर्ण उघड्या टोकाला चार क्लिक फिरवले तरी कळत नाही. म्हणून उघड्या भागात तीन-तीन क्लिकने सरकायचं आणि बंद टोकाच्या पाच-सहा क्लिकांत आलात की एकेक करून. खरं तर आपल्या रस्त्यांवर लो केलेल्या गाडीला त्या शेवटच्या पाच-सहात जायचं कारण पडू नये.

सुरुवात कुठून? २४ क्लिकचं किट असेल तर बंदपासून १५ किंवा १६. १६ क्लिकचं असेल तर १०. ३०-३२ चं असेल तर २०. म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडं मऊ. दोन्ही बाजू सारख्या. मागचे शॉकअप मधोमध ठेवा आणि पुढचं जमेपर्यंत त्यांना हात लावू नका. दोन्हीकडे एकदम फिरवलं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

रस्ता एकच ठेवा

शॉकअपमधलं तेल तापल्यावर पातळ होतं. डिसेंबरात सकाळी सातला बेळगावच्या टिळकवाडीतून निघताना जे कडक वाटतं तेच बारा किलोमीटरनंतर ठीक वाटतं. म्हणून निर्णय आधी दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून मगच.

चाचणीला रस्त्याचा एकच तुकडा, एकाच वेगाने, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या रेल्वे गेटकडून उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छेपर्यंतचा खानापूर रस्ता किंवा पिरनवाडीला वळून किणयेकडचा जांबोटी रस्ता, दोन्ही चालतील. तुकड्यात चार गोष्टी हव्यात: एक हंप, पॅचांची माळ, एक लांब वळण, आणि मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक मारता येईल एवढा सरळ भाग. निपाणी-संकेश्वरकडचे असाल तर तवंदी घाटाचं वळण आणि सर्व्हिस रोडवरचे पॅच यात सगळं मिळतं. महामार्गाच्या गुळगुळीत डांबरावर सेटिंग करून घरी आलेला माणूस गल्लीतल्या पहिल्या हंपावर पस्तावतो.

हंप ताशी १५-२० ने, पॅच ४० ने, वळण ५० ने. गर्दी नसताना, सकाळी. उसाचे दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर सुरू झाले की चाचणी बंद. गळीत हंगामात रस्त्याच्या कडेला पडलेल्या उसावर ब्रेक मारून काही सिद्ध होत नाही.

एका फेरीला एकच बदल. मोबाइलमध्ये एका ओळीत लिहा: बंदपासून १६, हवा अमुक, दोघे बसलो, काय जाणवलं. लिहिलं नाही तर तिसऱ्या फेरीला गोंधळ ठरलेला.

काय जाणवलं, काय करायचं

हंप उतरल्यावर नाक वर येतं, खाली जातं, परत वर येतं: रिबाउंड कमी पडतोय. दोन क्लिक बंदकडे. नाक एकदा वर येऊन तिथेच बसलं पाहिजे. एवढं झालं की थांबा. त्यापुढचा प्रत्येक क्लिक तुम्ही जागेतून देताय.

पॅचांवर पहिले दोन सोसले, मग प्रत्येक पॅच आधीच्यापेक्षा कठोर: वर सांगितलेली उधारी. तीन क्लिक उघडा. खात्री हवी असेल तर केबल टाय काढू नका. तोच तुकडा एकदा बंदपासून ६ वर आणि एकदा १६ वर चालवा, दर वेळी टाय सीलपर्यंत खाली आणून. कडक सेटिंगवर टाय बंप स्टॉपच्या जास्त जवळ गेलेली दिसली की वाद मिटला. गॅरेजमध्ये कुणाला तोंडाने पटवण्यापेक्षा ती टाय दाखवणं सोपं पडतं.

वळणात पुढची चाकं बाहेरच्या बाजूला टपटप उड्या मारत सरकतात, स्टिअरिंग हातात थरथरतं: फार कडक, रस्त्याचे बारीक उंचवटे टायर धरू शकत नाही. दोन ते चार क्लिक उघडा.

ब्रेकवर नाक पटकन आणि खोल जातं: एक-दोन क्लिक बंदकडे चालतील, पण शॉकअप फक्त नाक जायला लागणारा वेळ वाढवतो. किती खोल जाणार ते स्प्रिंगच ठरवते. लांब ब्रेकिंगमध्ये दर वेळी बंप स्टॉपला टेकत असेल तर स्प्रिंग मऊ आहे किंवा उंची कमी आहे.

आवाजांवरूनही बरंच कळतं. "धप्प" असा बोदा आवाज बंप स्टॉपचा. हंप उतरून चाक लटकताना "खट्" असा लोखंडी आवाज शॉकअप वरच्या टोकाला आपटल्याचा. रिबाउंड फार मोकळा असेल तर हे होतं, एक-दोन क्लिकने कमी होतं. न गेल्यास स्प्रिंगचा आधीचा दाब, म्हणजे प्रीलोड, जास्त झालाय. दगडगोट्यांवर सावकाश जाताना सतत "खडखड" लिंक रॉडची असते. तिला नॉबचं औषध नाही. गाडी लो केल्यावर जुन्या लांबीचा लिंक रॉड वाकड्या कोनात काम करतो आणि त्याचे गोळे लवकर जातात. लांबी कमी-जास्त करता येणारे मिळतात, तेच घ्या.

माणसं, पाऊस, घाट

चौघे आणि सामान घेऊन निघालात तर वाढलेलं वजन बहुतेक मागे जातं. पुढे एक क्लिक पुरे, मागे दोन-तीन. पुढचे आवळून मागच्या बसलेल्या गाडीला काही होत नाही, उलट नाक हलकं असताना पुढे कडक केलं तर स्टिअरिंग तरंगतं.

पावसाळ्यात पुढे-मागे नेहमीपेक्षा दोन-तीन क्लिक जास्त उघडे ठेवा. ओल्या रस्त्यावर टायरवरचं वजन जितकं हळुवार सरकेल तितकी पकड टिकते. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरणार असाल तर विशेषकरून: वळणं आंधळी, डांबर ओलं, कडेला शेवाळ, आणि पाण्याखाली खड्डा किती खोल ते दिसत नाही. त्या रस्त्याला जून ते सप्टेंबर लो गाडी नेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे, पण नेणारे नेतातच. त्यांनी निदान मऊ करून न्यावी.

उंची बदलली तर

नॉब फिरवल्याने अलाइनमेंट बदलत नाही. उंची बदलल्याने नक्की बदलतं. किट पूर्ण लांबी बदलणारं असेल, म्हणजे खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरणारा, तर उंची त्या ब्रॅकेटने बदला. स्प्रिंगच्या बैठकीची रिंग खाली-वर करून उंची काढली तर स्प्रिंगचा दाब आणि दांड्याची शिल्लक दोन्ही बिघडतात. दुसऱ्या प्रकारच्या किटात बैठकीशिवाय पर्याय नसतो. तिथे उंची वाढवली की शिल्लक वाढते, घटवली की घटते, एवढं लक्षात ठेवा आणि टाय परत बांधा.

रिंगांना हूक पानाच लावायचा, छिन्नी-हातोडा नव्हे. किटाबरोबरचा पाना पातळ असतो आणि वाकतो. उद्यमबागेत पाच मिमी पत्र्यातून लेझरवर तोच आकार कापून मिळतो, आणि तो जन्मभर पुरतो. आटे आधी पितळी ब्रशने साफ करा, चिखलासकट फिरवलं तर अॅल्युमिनियमची रिंग आट्यांना चिकटते.

दांड्याच्या टोकाचा नट एअर गनने काढू नका. दांडा भोवऱ्यासारखा फिरतो, सील तापतं, आतली सुईची काडी पिरगळते. आतला दांडा एलन कीने धरून नट पान्याने सोडवायचा, आणि आवळायचा तो टॉर्क पान्याने, त्या किटाच्या कागदावरच्या आकड्याला. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट सैल केले असतील तर शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असताना. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

अलाइनमेंटला गेलात की "ओके आहे" वर निघू नका, आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) दोन्हीकडे जवळपास सारखा आणि उणे एक अंशाच्या आसपास, टो (वरून बघताना चाकांचं आत-बाहेर वळणं) शून्याजवळ, एवढं रस्त्याच्या गाडीला पुरे. टो चुकला की टायर बोलतो: तळहात टायरवर आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. लो गाडीचा टायर आतल्या कडेने आधी झिजतो आणि ती कड उभं राहून दिसत नाही, महिन्यातून एकदा स्टिअरिंग टोकाला वळवून खाली वाकून बघा.

कागदांचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलंय. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

चिखल आणि गळती

खानापूर बाजूची लाल माती वाळली की सिमेंट होते, आणि चिकोडी-हुक्केरीकडची काळी माती ओली असताना चाकाच्या कमानीत थर करून बसते. आट्यांवर चिखल राहू देऊ नका. साध्या पाइपने धुवा, प्रेशरचं पाणी सीलवर मारू नका. शॉकअपला घालायचे कापडी मोजे मिळतात, ते धूळ थांबवतात पण चिखल आतच धरून ठेवतात, पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढून धुणार असाल तरच घाला.

नॉबवरची रबरी टोपी हरवली की दोन पावसाळ्यांत नॉब जाम. तिथे पाणी साचतं, आणि टोपी पाच-दहा रुपयांची वस्तू असली तरी नेमक्या मापाची मिळत नाही म्हणून लोक सोडून देतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून बांधला तरी भागतं. महिन्यातून एकदा नॉब पूर्ण बंद ते पूर्ण उघडा फिरवून परत आपल्या क्लिकवर आणा, म्हणजे सुई गंजून एका जागी धरत नाही. जाम झालेल्या नॉबला गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी बोटांनीच प्रयत्न करा. न हलल्यास शॉकअप काढून दुरुस्तीला. पक्कड नको.

सीलच्या भोवती तेलाची पुसट ओल आणि त्यावर धूळ ही गळती नव्हे, दांडा थोडं तेल घेऊन येतोच. नळीवर अर्ध्यापर्यंत ओघळ आणि त्यावर चिखलाचा काळा लेप असेल तर सील गेलंय. दुसरी खूण: बंदपासून ३ आणि बंदपासून २० यांत चालवताना फरकच कळत नाही. अशा शॉकअपला भोक पाडून तेल भरणारे कारागीर सापडतात. गॅस भरलेल्या शॉकअपवर ते करायला देऊ नका, आत दाब असतो आणि ड्रिल लागताच तो बाहेर येतो. दुरुस्ती किंवा बदल जोडीनेच करा. एक नवा आणि एक दमलेला शॉकअप लावून दोन्हीकडे सारखे क्लिक ठेवले, तर ब्रेकवर गाडी एका बाजूला ओढते आणि मग अलाइनमेंटवाल्याकडे उगाच चकरा सुरू होतात.